सिकलसेलच्या कडक हाडात ४८ चा कप: सिरॅमिक लायनर आणि हेड बसवताना नेमकं काय सांभाळता?

अंबाझरी_ऑर्थो

सर्वांना नमस्कार. विदर्भात खुब्याचा सांधा बदलण्याचं काम करणाऱ्यांना सिकलसेलचा (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक रक्तविकार) खुबा नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून पंचविशी-तिशीतली मुलंमुली नागपूरला येतात. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्याचा रक्तपुरवठा गेलेला, हाड खचलेलं, मांडी घालणं सोडाच, चालणंही कठीण. वय बघता सिरॅमिक-ऑन-सिरॅमिक (लायनर आणि हेड दोन्ही सिरॅमिकचे) द्यावंसं वाटतं. अशीच एक केस यादीत आहे. सिमेंटलेस टायटॅनियम शेल (खोबणीत बसणारा कप; त्यात लायनर म्हणजे अस्तर, आणि लायनरमध्ये मांडीच्या हाडातल्या स्टेमवरचं गोल हेड फिरतं), टेम्प्लेटवर (एक्स-रेवर घेतलेल्या मापात) ४८ मिमी येतोय, गुलाबी सिरॅमिक. एक्स-रेत ॲसिटॅब्युलमचं (खुब्याच्या खोबणीचं) हाड पांढरंफटक, चांगलंच स्क्लेरॉटिक (घट्ट, कडक झालेलं).

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या कडक हाडात अंडररीमिंग (खड्डा शेलपेक्षा लहान कोरणं) किती ठेवावं? लायनर सरळ बसलाय हे हातोडा मारण्याआधी कसं पक्कं करायचं? आणि हेडवर ठोका एकच की दोन-तीन, किती जोराने? कंपनीच्या पुस्तकात ‘मध्यम जोराने’ एवढंच लिहिलंय, त्यातून हाताला काही कळत नाही.

धंतोली_खुबा

डॉक्टर, तुम्ही पहिला विचारलेला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लायनर तिरका बसला की आपण लायनरला दोष देतो, पण कारण बहुतेक वेळा शेलमध्ये असतं.

सिरॅमिक लायनर शेलच्या तळाला टेकून बसत नाही. तो कडेजवळच्या टेपरमध्ये (निमुळत्या भागात) घट्ट धरला जातो, बऱ्याच सिस्टिममध्ये हा टेपर १८ अंशांचा असतो. तळाशी मुद्दाम थोडी पोकळी ठेवलेली असते. म्हणजे टेपर गोल असेल तरच लायनर सगळीकडे सारखा टेकणार. कडक हाडात घट्ट प्रेस-फिट केला (दाबून बसवला) की इलियम आणि इश्चियम (खोबणीच्या वरचं आणि खालचं हाड) या दोन बाजूंनी शेल दाबला जातो आणि किंचित लंबगोल होतो. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचाच असतो, डोळ्याला दिसत नाही. पॉलीचा (पॉलिथिलीन प्लास्टिकचा) लायनर तेवढं वाकून घेतो, सिरॅमिक घेत नाही. भिंत जितकी पातळ तितका शेल जास्त दबतो, म्हणून छोट्या कपात मोठं हेड बसावं यासाठी भिंत पातळ केलेली डिझाइन असेल तर जास्तच जपा.

अंडररीमिंग: साध्या हाडात १ मिमी चालतं. स्क्लेरॉटिक हाडात मी लाइन-टू-लाइन (शेलच्या मापाएवढंच) रीम करून दोन-तीन स्क्रू घालण्याच्या बाजूचा आहे. २ मिमी तर अजिबात नको. त्याआधी शेलचा खरा व्यास तपासा. काही कंपन्यांच्या ‘४८’ शेलचा बाहेरचा व्यास कोटिंगसकट ४८ पेक्षा जास्त असतो, म्हणजे प्रेस-फिट आतच धरलेला असतो. त्यावर तुम्ही आणखी १ मिमी कमी रीम केलंत की नकळत दुप्पट घट्ट झालं.

सिकलसेलचं हाड सगळीकडे सारखं कडक नसतं, ही दुसरी अडचण. मध्ये मऊ, खचलेले भाग असतात. रीमर कडक भागावर घासतो आणि मऊ भागाकडे सरकतो, त्यामुळे खड्डा गोल न होता एका बाजूला ओढला जातो. रीमर धारदार हवेत, बोथट अजिबात नकोत. सलाइन सतत चालू ठेवा आणि दर दोन मिमीला थांबून खड्डा बघा. स्क्लेरॉटिक हाडातून सगळीकडे रक्त यावं म्हणून रीम करत राहिलात तर आतली भिंत जाईल. उरलेल्या पांढऱ्या जागी बारीक ड्रिलने छिद्रं पाडा आणि पुढे चला.

शेल मारताना आवाज बदलला आणि तळाच्या छिद्रातून हाड अजून लांब दिसतंय, तर जोर वाढवू नका, कडेचं हाड फुटेल. शेल काढा, कड अर्धा-एक मिमी मोकळी करा, पुन्हा बसवा.

स्क्रूबद्दल एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. मागच्या-वरच्या भागातच स्क्रू घालायचे हे सगळ्यांना माहीत आहे. पण कडक हाडावर ड्रिल घसरतं, ६.५ चा स्क्रू छिद्रात तिरका जातो आणि त्याचं डोकं एका बाजूने वर राहतं. किंवा स्क्रू पूर्ण बसायच्या आधीच हाडात अडकतो. अर्धा मिलिमीटर वर राहिलेलं डोकं लायनरच्या पाठीला टोचतं. सिरॅमिकला एका बिंदूवर आलेला भार सोसत नाही. प्रत्येक स्क्रूवरून बोट फिरवा. डोकं लागलं तर स्क्रू काढा, टॅप करा, पुन्हा घाला, नाही जमलं तर ती जागा रिकामी सोडा.

आता लायनर. शेलच्या कडेवरची कॅप्सूल, चरबी, कडेबाहेर आलेले ऑस्टिओफाइट (हाडाचे वाढलेले कंगोरे) सगळं काढा, विशेषतः खालच्या बाजूला ट्रान्सव्हर्स लिगामेंटजवळ, कारण तिथे रिट्रॅक्टरमुळे (जखम उघडी धरणाऱ्या हत्यारामुळे) दिसत नाही आणि नेमकं तिथलंच मांस लायनरखाली अडकतं. शेल धुवा, कोरडं गॉझ भरून ठेवा, लायनर हातात आल्यावरच गॉझ काढा. कडेवर टेकलेला रिट्रॅक्टर या क्षणी सैल करा, तो लायनरला एका बाजूने ढकलतो.

लायनर सक्शन कपने किंवा हाताने, कड शेलच्या कडेला समांतर ठेवून आत सोडा आणि अंगठ्याने दाबा. मग तर्जनीचं टोक कडेवरून पूर्ण गोल फिरवा. बारा, तीन, सहा, नऊ, चारही ठिकाणी शेलच्या कडेपासूनची खोली सारखी लागली पाहिजे. त्यानंतर दोन बोटं समोरासमोर कडेवर ठेवून आळीपाळीने दाबा. एका बाजूला दाबल्यावर दुसरी बाजू जरा जरी उचलली गेली तर लायनर तिरका आहे. हातोडा मारल्याने तो सरळ होत नाही, उलट तिरकाच घट्ट अडकतो.

सरळ असेल तर योग्य व्यासाचा प्लास्टिक इम्पॅक्टर (ठोका पोचवणारं हत्यार) लावून शेलच्या अक्षात ठोका द्या. जखम लहान आणि मांडी जाड असेल तर इम्पॅक्टरचा दांडा जखमेच्या कडेला किंवा फीमरला अडतो आणि ठोका तिरका जातो. दांडा मोकळा फिरतोय ना हे आधी बघा, नसेल तर जखम दोन सेंटिमीटर वाढवा.

ओटी_इनचार्ज_सिस्टर

सरांनी शेलचं सगळं सांगितलं. आमच्या बाजूचं सांगते, कारण चूक बरेचदा ट्रॉलीवरच सुरू होते.

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या अनेक रुग्णालयांत सेट केसपुरता येतो. सेट आल्या आल्या चार गोष्टी मोजून घ्यायच्या: त्याच स्टेमच्या टेपरची ट्रायल (माप बघायची तात्पुरती) हेड, ४८ चा ट्रायल लायनर, लायनर काढायचं हत्यार आणि इम्पॅक्टरची प्लास्टिक टोपी. टोपीला तडा असेल किंवा झिजून आतला धातू दिसत असेल तर ती वापरायची नाही. टेबलाजवळ एकाच मापाचे दोन सिरॅमिक लायनर आणि त्याच शेलला बसणारा एक पॉली लायनर हवाच. कंपनीचा माणूस ‘सकाळी आणून देतो’ म्हणाला तर केस सुरू करण्याआधी डबा हातात पाहिजे.

सिरॅमिक निर्जंतुक होऊन दुहेरी पॅकमध्ये येतं. ट्रायल पक्की होईपर्यंत पॅक उघडायचा नाही. उघडण्याआधी सर्जनना मोठ्याने वाचून दाखवायचं: कंपनी, शेलचं माप, लायनरचा कोड, हेडचा बाहेरचा व्यास, आतला टेपर, मानेची लांबी, एक्स्पायरी. सर्जननी तेच परत म्हणायचं. उघडल्यावर सिरॅमिक धातूच्या हत्यारांमध्ये ठेवायचं नाही, कोरड्या घडी केलेल्या ड्रेपवर वेगळं ठेवायचं. फोर्सेप्सने धरायचं नाही.

खाली पडलं तर बाद. वरून काही दिसलं नाही तरी बाद. परत ऑटोक्लेव्ह करून वापरायचं नाही, आणि गरम वस्तू थंड सलाइनमध्ये बुडवायची तर मुळीच नाही. तापमान एकदम बदललं की सिरॅमिकला आतून तडा जाऊ शकतो.

टेपर_१२_१४

हेडच्या ठोक्याबद्दल लिहितो. ‘मध्यम जोर’ का म्हणतात हे कळलं की हाताला अंदाज येतो.

सिरॅमिक दाब प्रचंड सहन करतं, ताण सहन करत नाही. स्टेमचा टेपर पाचरीसारखा हेडच्या भोकात शिरतो आणि हेडला आतून बाहेर फाकवतो. भोकाच्या सर्व बाजूंनी सारखा टेकला तर हा ताण वाटला जातो. मध्ये हाडाचा एक कण, चरबीचा थर किंवा वाळलेलं रक्त असेल तर सगळा भार त्या एका जागी येतो. अमेरिकेच्या एफडीएच्या १९९५ च्या मार्गदर्शनात सिरॅमिक हेड सरासरी ४६ किलोन्यूटनच्या खाली फुटू नये आणि एकही २० च्या खाली फुटू नये अशी अपेक्षा आहे. चालताना खुब्यावर वजनाच्या तिप्पट आणि ठेच लागल्यावर आठपट भार येऊ शकतो. ७० किलोच्या माणसाला ठेच लागली तर साडेपाच किलोन्यूटनच्या आसपास. म्हणजे स्वच्छ टेपरवर राखीव ताकद भरपूर आहे. ती आपणच घाण ठेवून संपवतो.

क्रम असा ठेवा. स्टेमच्या टेपरवरची प्लास्टिक टोपी शेवटपर्यंत काढू नका. ट्रायल झाल्यावर टेपर धुवा, कोरड्या गॉझने पुसा, दुसऱ्या कोरड्या गॉझने पुन्हा पुसा. हेडच्या भोकातही बघा. कोरडं हेड हाताने टेपरवर ठेवा, अक्षात दाबत हलकं फिरवा, ते अडकेपर्यंत. तिरकं बसलं तर फिरताना हाताला कळतं. मग प्लास्टिक इम्पॅक्टर हेडच्या माथ्यावर ठेवून टेपरच्या अक्षात एक ठाम ठोका. धातूचा हातोडा थेट हेडवर कधीच नाही.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत टेपरची पकड ठोक्याच्या जोराच्या प्रमाणात वाढते आणि निदान ४ किलोन्यूटनचा ठोका सुचवला जातो. अर्धवट हलके दहा ठोके मारून ती पकड मिळत नाही, सगळ्यात जोरदार ठोका कोणता होता त्यावर ती ठरते. त्यामुळे ‘मध्यम’चा अर्थ टकटक असा घेऊ नका. सहाय्यकाने गुडघा धरून मांडी पक्की ठेवली पाहिजे. मांडी हवेत झुलत असेल तर जोर हेडपर्यंत पोचतच नाही.

हेड दुसऱ्या कंपनीचं लावायचं नाही. ‘१२/१४’ हे नाव दोघांचं सारखं असतं, पण कोन, लांबी आणि पृष्ठभागाच्या रेघा वेगळ्या असतात. हाताला घट्ट वाटलं तरी आत टेकण्याची जागा चुकलेली असते.

आणि कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवणारं हत्यार). टायटॅनियमच्या मानेला किंवा टेपरला कॉटरीचं टोक लागलं की तिथे धातू वितळून खड्डा पडतो आणि पुढे तिथूनच मान तुटण्याची शक्यता राहते. टेपर उघडा असताना कॉटरी लांब ठेवा.

अंबाझरी_ऑर्थो

मनापासून आभार. दोन गोष्टी अजून. ठोका मारल्यानंतर लायनर तिरका असल्याचं लक्षात आलं तर नक्की काय करायचं? आणि रुग्णाला खाली बसायचं असतं, शेतीचं काम आहे. ४८ मध्ये ३६ चं हेड बसवून स्थिरता वाढवता येईल का?

धंतोली_खुबा

तिरक्या लायनरला पुन्हा ठोकायचं नाही. कडेवर बाजूने ठोकून सरळ करायचा मोह होतो आणि कडेचा टवका उडतो. कंपनीचं हत्यार शेलच्या कडेवरच्या खाचेत लावून शेलला ठोका द्या. कंपनाने लायनर सुटून वर येतो. हे करताना शेल सैल तर झाला नाही ना ते बघा. काढलेला, एकदा ठोकलेला लायनर परत वापरायचा नाही, कड शाबूत दिसली तरी. शेलचा टेपर चांगल्या उजेडात गोल फिरवून बघा. ओरखडा किंवा खड्डा असेल तर त्यात दुसरा सिरॅमिक घालू नका, पॉली घाला. टेपर स्वच्छ असेल तर तिरका का झाला याचं कारण आधी शोधा: मांस, स्क्रू की दबलेला शेल? कारण न शोधता नवा लायनर उघडला तर तोही तसाच बसतो. ट्रायल लायनर सहज बसला म्हणून शेल गोल आहे असं धरू नका, ट्रायल प्लास्टिकचा असतो, तो माफ करतो.

३६ साठी बहुतेक सिस्टिममध्ये शेल ५२ च्या आसपास लागतो. ४८ ला ३२, काहींत २८ च. तक्ता बघा आणि जे आहे ते स्वीकारा. ३६ साठी शेल मोठा करायचा म्हणून हाड खाऊ नका, या मुलांना आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागणार आहे, ते हाड तेव्हा हवं.

स्थिरता कपच्या दिशेतून मिळवा. इन्क्लिनेशन (कपचा कल) ४० ते ४५ अंश, अँटीव्हर्जन (पुढे वळलेला कोन) १५ ते २०, आणि स्टेमसकट एकत्रित अँटीव्हर्जन २५ ते ५० च्या मधोमध. कप उभा राहिला की हेड लायनरच्या कडेवर चालतं. तिथे पट्ट्यासारखी झीज होते आणि पुढे चूंचूं आवाज येतो. कप जास्त पुढे वळला तर पाय मागे नेताना मान मागच्या कडेवर आपटते. पॉलीच्या कडेवर मान आपटली तर खाच पडते, सिरॅमिकच्या कडेवर आपटली तर टवका उडतो. म्हणून ट्रायलमध्ये नेहमीच्या हालचालींबरोबर उकिडवं बसण्याचीही स्थिती घेऊन बघा: पूर्ण फ्लेक्शन (मांडी पोटाकडे), थोडं ॲबडक्शन (मांडी बाहेरच्या बाजूला). मान कुठे लागते ते बोट घालून बघा. लागत असेल तर पुढचे ऑस्टिओफाइट काढा, ऑफसेट (हेडच्या मध्यापासून मांडीच्या हाडापर्यंतचं आडवं अंतर) वाढवा. हेडच्या लांबीवर फार भिस्त ठेवू नका. सिरॅमिकमध्ये एक लांबी ते पुढची लांबी साधारण साडेतीन-चार मिमीची उडी असते आणि कॉलरवालं लांब हेड मिळत नाही. लांबी स्टेमच्या उंचीवरच जमवा.

शेवटी सांधा बसवताना हेड शेलच्या धातूच्या कडेवरून घसटू देऊ नका. करडी रेघ उठते, ती धातूची असते, त्या जागी पृष्ठभाग खरखरीत होतो. ओढा, उचला, मग आत सोडा.

रामदासपेठ_आर्थ्रो

माझं मत थोडं वेगळं आहे. ४८ चा कप, कडक हाड, उकिडवं बसणारा रुग्ण, हे तिन्ही एकत्र असतील तर सिरॅमिक हेड आणि हायली क्रॉसलिंक्ड (कमी झिजणारा) पॉली हा पर्याय आधी टेबलावर ठेवा. शेल जरा लंबगोल झाला तरी पॉली बसतो, कड उंच असलेला लायनर मिळतो, आवाज नाही, टवका नाही. वर्षाला ०.१ मिमीच्या खाली झीज राहिली की ऑस्टिओलिसिस (झिजेच्या कणांमुळे हाड विरघळणं) क्वचितच होतो आणि क्रॉसलिंक्ड पॉली त्या रेषेच्या बऱ्याच खाली राहतो. फक्त ३२ हेड घेतल्यावर पॉलीची जाडी किती उरते ते तक्त्यात बघा. फार पातळ उरत असेल तर २८ घ्या.

बाकी सिकलसेलची तयारी विसरू नका. हिमोग्लोबिन १० च्या आसपास, भरपूर द्रव, ऑक्सिजन, आणि रुग्ण गार पडू द्यायचा नाही. ओटीचा एसी या केसला कमी ठेवा. काढलेल्या डोक्याचा तुकडा कल्चरला पाठवा. फीमरची नळी बरेचदा आतून बंद झालेली असते, त्यामुळे आधी गाइडवायर, मग सी-आर्मखाली (ओटीतल्या चालत्या एक्स-रेखाली) फ्लेक्सिबल रीमर. थेट रॅस्प (हाड कोरणारी कानस) ठोकला तर बाजूने बाहेर येतो.

धंतोली_खुबा

रामदासपेठ, मुद्दा रास्त आहे. शेल घट्ट बसल्यावर जराही शंका आली तर मीही पॉलीच घेईन. निर्णय टेबलावर बदलता यावा म्हणूनच शेल दोन्ही लायनर घेणारा निवडा. पंचविशीतल्या मुलाला, हाड नीट तयार झालं आणि लायनर बोटाला चारही बाजूंनी सारखा लागला, तर सिरॅमिक-ऑन-सिरॅमिकचा हक्क आहे असं मला अजून वाटतं.

टेपर_१२_१४

पुढच्या सर्जनसाठी एक. इम्प्लांटच्या स्टिकरची एक प्रत फाइलमध्ये, एक डिस्चार्ज कार्डवर आणि एक रुग्णाच्या हातात द्या. रुग्ण उद्या हैदराबादला किंवा रायपूरला दाखवेल. तिथल्या डॉक्टरला स्टेमची कंपनी, टेपर आणि दोन्ही बाजूंचं मटेरियल कळलं नाही तर त्याला अंदाजाने काम करावं लागेल. वापरलेल्या टेपरवर साधं नवं सिरॅमिक हेड बसवत नाहीत. टेपर किरकोळ खराब असेल तर टायटॅनियमची बाही असलेलं हेड, जास्त खराब असेल तर स्टेमच बदलावा लागतो.

आणि सिरॅमिक कधी फुटलं तर रिव्हिजनमध्ये (सांधा पुन्हा बदलताना) धातूचं हेड घालायचं नाही. तुकडे आणि भुकटी कितीही धुतली, सायनोव्हियम (सांध्याचं आतलं आवरण) कितीही काढलं तरी काही कण राहतात आणि ते कोबाल्ट-क्रोमचं हेड खरवडून काढतात. त्यातून रक्तात कोबाल्ट वाढून हृदयाला इजा झालेल्या केसेस नोंदलेल्या आहेत. तिथे पुन्हा सिरॅमिक हेडच लागतं.

अंबाझरी_ऑर्थो

ठरलं. लाइन-टू-लाइन रीमिंग, तीन स्क्रूंची तयारी, दोन सिरॅमिक आणि एक पॉली लायनर टेबलावर. एकच शेवटचं: लायनर नीट बसलाय हे पोस्ट-ऑप एक्स-रेत कसं बघता?

धंतोली_खुबा

एपी (समोरून) आणि शूट-थ्रू लॅटरल (बाजूने), दोन्ही घ्या. एपीमध्ये लायनर आणि शेलच्या कडांमधलं अंतर वर आणि खाली मोजा, दोन्हीकडे सारखं असायला हवं. एका टोकाला फट उघडलेली दिसली आणि दुसरीकडे नाही, तर लायनर तिरका आहे. पुढे-मागे तिरका असेल तर तो एपीत लपतो, म्हणून लॅटरल. शंका राहिली तर सीटी. आणि फिल्म रुग्ण ओटी कॉम्प्लेक्समध्ये असतानाच बघा. तिथेच तिरका दिसला तर त्याच भुलीत दुरुस्त होतो, वॉर्डात गेल्यावर दिसला तर त्या मुलाला पुन्हा भूल आणि पुन्हा सिकल क्रायसिसचा (विळ्यासारख्या पेशींनी रक्तवाहिन्या तुंबून तीव्र दुखण्याचा) धोका.